घड्याळ थांबवायची सोय ठेवा: भारतीय विश्वविद्यालय संघाच्या क्रीडा विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. महासचिव व क्रीडा विभाग, भारतीय विश्वविद्यालय संघ, नवी दिल्ली,
आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या विद्यापीठांचे क्रीडा संचालक यांस

सप्रेम नमस्कार.

आंतरविद्यापीठ स्पर्धांची २५ वर्षांची वयोमर्यादा उठवा, असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. हे आधीच स्पष्ट करते, नाहीतर दिल्लीत पहिल्या परिच्छेदावरच फाइल बंद व्हायची. मर्यादा हवी, आणि ती २५च राहिली तरी माझी तक्रार नाही. माझं मागणं एवढंच की बाळंतपण, मोठी दुखापत किंवा गंभीर आजार यांमुळे ज्या विद्यार्थ्याचं शिक्षण मधेच थांबलं, त्याची ती वर्षं मोजणीतून वगळायची सोय नियमात असावी. ही सोय नसल्यामुळे कोण बाहेर राहतं आणि कोण आरामात आत येतं, ते तुमच्यापर्यंत पोचत नसावं. तुमच्या टेबलावर पात्र ठरलेल्यांची यादी येते. गाळलेल्यांची यादी कुणी करतच नाही.

मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे. संचालक म्हटलं की केबिन, शिपाई असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. आमच्याकडे मैदानावर फक्की मारण्यापासून टी.ए.-डी.ए.ची बिलं लावण्यापर्यंत सगळं काम संचालकाचंच. त्यातलंच एक काम म्हणजे एलिजिबिलिटी. प्रत्येक खेळाडूचा फॉर्म भरायचा, फोटो चिकटवायचा, प्राचार्यांचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर येईल असा मारून घ्यायचा, दहावीचं बोर्ड सर्टिफिकेट, बारावीचं मार्कलिस्ट, बोनाफाईड, फी भरल्याची पावती, सगळं क्रमाने लावायचं. शिक्का फोटोच्या बाहेर गेला म्हणून फॉर्म परत आलेले मी पाहिलेत. त्यामुळे तुमचे नियम मी तोंडी ऐकलेले नाहीत, वीसेक वर्षं हाताने भरलेले आहेत.

पूर्वी ही मर्यादा २८ होती. तेव्हा काय चालायचं ते मला चांगलं आठवतं. कबड्डीच्या मॅटवर एका बाजूला नुकतं बारावी पास झालेलं, ओठावर मिसरूडही न फुटलेलं पोरगं आणि दुसऱ्या बाजूला चार-पाच वर्षं क्लबकडून खेळून तयार झालेला, दोन लेकरांचा बाप. चढाईला गेलेलं आमचं पोरगं त्याच्या पकडीत सापडलं की बाहेर बसलेल्या आमचाच श्वास अडकायचा. कुस्तीत तर विचारायलाच नको. खेळाडू म्हणून मोठं झालेल्या माणसाने विद्यार्थी म्हणून नाव लावायचं आणि खऱ्या विद्यार्थ्याची जागा अडवायची, हा धंदा २८ मुळे पोसला जात होता. तो कमी झाला, याचं श्रेय नव्या मर्यादेला द्यायलाच हवं. शिवाय जागतिक विद्यापीठ स्पर्धा भरवणाऱ्या फिसूनेही २०१९च्या नेपल्सच्या स्पर्धेपासून २८ वरून २५ वर येणं पसंत केलं. आपले खेळाडू शेवटी तिथंच जायचे असतात, तेव्हा दोन्हीकडे एकच आकडा असणं सोयीचं.

पण आकडा घेताना आपण त्यांची मोजायची पद्धत घेतली नाही. फिसू वर्ष मोजते. स्पर्धेच्या वर्षातल्या ३१ डिसेंबरला खेळाडू २५ पेक्षा मोठा नको, म्हणजे त्या वर्षात ज्याला २५ पूर्ण होतात तो जानेवारीत जन्मलेला असो की डिसेंबरात, चालतो. आदल्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेल्या खेळाडूलाही तिथं खेळता येतं. आपल्याकडे शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की खेळाडू मेला! निवड चाचणीला विद्यार्थी असतो, आणि पुढे जायची वेळ येते तेव्हा नसतो.

अजून एक. वयाच्या जोडीला आपल्याकडे आठ वर्षांचा जुना नियम आहे: पदवीच्या प्रवेशासाठी लागणारी परीक्षा पास झाल्यापासून आठ वर्षं उलटली की खेळाडू अपात्र. मर्यादा २८ असताना या दोन घड्याळांना वेगवेगळा अर्थ होता. वयाने बसणारा पण वर्षानुवर्षं कॉलेजात रेंगाळणारा माणूस दुसऱ्या घड्याळात अडकायचा. आता हिशोब करून बघा. सतरा-अठराव्या वर्षी बारावी, त्यात आठ मिळवा. दुसरं घड्याळ पहिल्याच्या आधी वाजण्याची वेळच सहसा येत नाही. म्हणजे तसं पाहिलं तर एकच घड्याळ उरलंय, आणि ते मुलगा मैदानावर होता की उसाच्या फडात, हे बघत नाही.

फडाचं उगीच म्हटलं नाही. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात, गावं रिकामी होतात. मुकादम उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देतो ते जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यामुळे मुलगी बारावी झाली की घरात पहिला विचार तिच्या लग्नाचा आणि तिच्या सासरी दुसरा विचार उचलीचा. माझ्याकडची एक विद्यार्थिनी अशीच. बारावीला चांगले मार्क, त्याच वर्षी लग्न. मग कारखान्याचे हंगाम, मग मूल. मूल जरा मोठं झाल्यावर सासूनेच तिला पुन्हा कॉलेजात घातलं (सासवांबद्दल आपण फार वाईट बोलतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते). एफ.वाय.ला आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. पळायचा विषयच नव्हता. एस.वाय.ला असताना तालुक्याच्या गावात संक्रांतीला महिलांची पळण्याची शर्यत ठेवली होती, बक्षीस म्हणून मिक्सर. मिक्सरसाठी ती पळाली, साडी नेसून, आणि दुसरी आलेली बाई अर्धा फर्लांग मागे होती.

तिथून मी तिला मैदानावर आणलं. तिला शिकवावं असं फारसं नव्हतं, थांबवावंच लागायचं. सगळे पाचव्या फेरीला ढेपाळायला लागले की हिचा खरा वेग तिथून सुरू. टाचेवर पाय टाकायची सवय होती, ती मोडायला एक पावसाळा गेला. टी.वाय.ला आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्रीत पहिली आली असती, असं मी म्हणत नाही. पहिल्या सहात तर नक्कीच आली असती, आणि विद्यापीठाच्या संघात सहाच जणी लागतात. फॉर्म भरायला बसलो तेव्हा दहावीच्या सर्टिफिकेटवरची जन्मतारीख पाहिली. १ जून. नियमात वय मोजायची जी तारीख आहे, त्या तारखेला तिला २५ नुकतीच पूर्ण झाली होती, म्हणजे ती बाद.

फिसूच्या मोजणीत ती बसत होती. ज्यांचा आकडा आपण उचलला, त्यांच्या मैदानावर ती चालली असती, आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत चालली नाही.

आणि ही १ जून तरी खरी कुठली? महाराष्ट्रातल्या खेड्यांत १ जूनला किती लोकांचा वाढदिवस येतो, हे तुम्हाला आमच्या कॉलेजचं रजिस्टर दाखवल्याशिवाय पटणार नाही. पोर शाळेत घालायला बाप यायचा, जन्माची नोंद नसायची, गुरुजी त्याच्याकडे बघायचे आणि सहा पूर्ण होतील असा हिशोब करून जूनची पहिली तारीख टाकून द्यायचे. सरकारी कार्यालयांत त्या तारखेला एकाच वेळी अर्धी केबिन पेढे वाटते, हा विनोद सगळ्यांना माहीत आहे. हल्ली दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे हे कमी झालंय. पण या मुलीचा जन्म दुसऱ्या जिल्ह्यात, फडाच्या कडेच्या कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, झाला. तिची आई सांगते, तोड सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. तोड सुरू होते दिवाळीच्या सुमाराला. म्हणजे जूनमध्ये ही पोटात होती. गुरुजींनी तिला पाच-सहा महिन्यांनी मोठी केली आणि त्यावर बोर्डाचा शिक्का बसला. वय चोरणाऱ्यांसाठी आपल्याकडे २०१० पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय कोड, म्हणजे नियमावली, आहे. शाळेनेच ज्याचं वय वाढवून ठेवलं, त्याच्यासाठी कुठला कोड आहे?

कुणी म्हणेल, वैद्यकीय चाचणी करा. मी चौकशी केली. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी जी टीडब्ल्यू-३ चाचणी वापरतं, तिच्यात डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय ठरवतात. त्या पद्धतीत हाडांची वाढ मुलांमध्ये साडेसोळा आणि मुलींमध्ये पंधरा वर्षांच्या आसपास पूर्ण धरली जाते. पुढे एक्स-रे गप्प बसतो. पंचवीस आणि सव्वीस यांतला फरक सांगणारं कुठलंही हाड माणसाच्या अंगात नाही. त्यामुळे कॉलेजच्या खेळाडूचं वय म्हणजे निव्वळ कागद. तुम्ही कागदावर विश्वास ठेवता याला माझी हरकत नाही, दुसरा उपायच नाही. पण कागदाला इतकं मोठं मानायचं ठरवलं असेल, तर बाळंतपणाचा कागद का चालत नाही?

आता आत येणाऱ्यांकडे वळते.

हंगाम तोंडावर आला की आमच्या भागात काही माणसं फिरायला लागतात. माझ्या खोलीतही येऊन बसलेली आहेत. बोलणं फार नम्र. "मॅडम, नॅशनल खेळलेला पोरगा आहे. होस्टेल, किट आणि महिन्याचं काहीतरी बघा, तुमच्या कॉलेजला ट्रॉफी देतो." वय विचारलं तर बावीस, तेवीस. कागद चोख. जन्मतारीख संगणकातून निघालेली, शिक्का मधोमध. आधी बी.ए. झालेला असतो, मग कुठला तरी एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा, मग एम.ए.चं पहिलं वर्ष, तेही विषय बदलून दोनदा. वर्गात तो कधी दिसत नाही, परीक्षेला दिसलाच तर दिसतो. तुमच्या नियमात 'पूर्णवेळ नियमित विद्यार्थी' असं लिहिलेलं आहे. अट योग्य आहे, पण ती कुणी तपासत नाही. स्पर्धेच्या ठिकाणी तपासायला बसलेली मंडळी जन्मतारीख, शिक्का आणि सही बघतात, कारण कागदावर तेवढंच दिसतं. हजेरीपत्रक कुणी मागत नाही. मागच्या सत्राचा निकाल मागितला तर निम्मे संघ स्टेशनवरूनच परत जातील.

हे फक्त आमच्याकडचं आहे असं नाही. खेळांत सर्वांत पुढे असलेल्या विद्यापीठाला मिळणारी मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी गेली कित्येक वर्षं प्रामुख्याने पंजाब आणि चंडीगडकडच्या विद्यापीठांत फिरते. त्यांच्याकडे मैदानं आहेत, प्रशिक्षक आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, त्यांचं कौतुकच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांनी मात्र तो रस्ता बघून मैदानाऐवजी तयार खेळाडू विकत घ्यायचा शॉर्टकट निवडला. पोलीस भरतीत लागलेला आमचा मुलगा पूर्णवेळ नोकरदार म्हणून बाद होतो, ते एक वेळ मान्य. पण प्रो कबड्डीच्या करारावर लाखांत कमावणारा त्याच वयाचा मुलगा विद्यार्थी म्हणून चालतो. मला त्या मुलाचा राग नाही, त्याने कमवावं. पण 'विद्यार्थी कोण' हा प्रश्न आपण वयावर सोडवायला निघालो आणि मूळ प्रश्न तसाच राहिला, एवढं तरी कबूल करू.

वयाबद्दलही एक सांगायचंय. सगळे खेळ एका वयाचे नसतात. जिम्नॅस्टिक्स किंवा पोहण्यात विशीच्या आत माणूस तयार होतो. लांब पल्ल्याचं धावणं तसं नाही. आमच्या शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर फौजेत गेला. स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची लांब शर्यत) तो वळला तेव्हा बाविशी ओलांडलेली होती. २०२२च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं तेव्हा सत्तावीस, आणि २०२३ ला हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं तेव्हा एकोणतीस. साताऱ्याकडच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मॅरेथॉन पळत होती. २०१४ मध्ये तिने स्टीपलचेस धरली आणि त्याच वर्षी इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं. तेव्हा ती पंचवीस वर्षांची. दोन वर्षांनी रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी, दहावा क्रमांक. नेमबाजीतही तेच. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला कांस्य जिंकलं ते एकोणतिसावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना. ही नावं मी अपवाद म्हणून देत नाही. कोरडवाहू भागातली पोरं उशिरा उगवतात, कारण त्यांना पाणी उशिरा मिळतं. साबळेला फौज मिळाली, म्हणून तो दिसला. आमच्या मुलीला काय मिळणार होतं? कॉलेजच मिळालं होतं.

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचं आपल्याकडे भारी कौतुक असतं, म्हणून तिकडचंही थोडं. तिथं कॉलेज खेळ चालवणारी एनसीएए ही संघटना वरच्या गटात सरसकट वयोमर्यादा लावत नाही, घड्याळ लावते: प्रवेश घेतल्यापासून पाच वर्षं, त्यात चार हंगाम खेळायचे. हे घड्याळ सैन्यसेवेसाठी थांबतं, धर्मसेवेसाठी थांबतं आणि गरोदरपणासाठी एक वर्ष वाढवून मिळतं. फुटबॉलमधला (त्यांचा, हातात घेऊन पळायचा) सर्वांत मानाचा हाइजमन करंडक २०००मध्ये ख्रिस वेंकी नावाच्या खेळाडूने जिंकला तेव्हा तो २८ वर्षांचा होता. आधीची वर्षं तो बेसबॉल खेळत होता. लोकांनी नाकं मुरडली, पण नियमात बसत होतं. त्यांचं सगळं छान चाललंय असं मात्र कुणी समजू नये. तिकडच्या कनिष्ठ महाविद्यालयात (आपली अकरावी-बारावी नव्हे, पदवीची पहिली दोन वर्षं) खेळलेली वर्षं घड्याळात धरायची की नाही यावरून डिएगो पाव्हिया नावाचा खेळाडू कोर्टात गेला आणि डिसेंबर २०२४मध्ये त्याला मनाई हुकूम मिळाला. त्यानंतर तिकडे अशा खटल्यांची रीघ लागली. नियमात सवलत कुठे आणि किती, हे संघटनेने वेळेवर लिहिलं नाही तर ते न्यायाधीश लिहितो. आपल्याकडे औरंगाबाद खंडपीठात अशी एखादी याचिका पडायला फार वेळ लागणार नाही. आमच्या मुलीच्या नवऱ्याने मला एकदा विचारलं होतं, वकील किती घेईल. मीच त्याला थांबवलं, हंगाम संपला असता तोवर.

बरं, ही सवलत मागताना मी काही नवीन तत्त्व काढत नाहीये. युजीसीने डिसेंबर २०२१मध्ये सगळ्या विद्यापीठांना कळवलं की पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींना प्रसूती रजा आणि हजेरीत सूट देणारे नियम करा. नव्या शैक्षणिक धोरणात मधेच बाहेर पडा, पुन्हा आत या, मिळवलेले क्रेडिट बँकेत सात वर्षं जमा राहतील, असं सांगितलेलं आहे. म्हणजे वर्गाचं दार परतणाऱ्या विद्यार्थ्याला उघडं आणि मैदानाचं बंद. एकाच कॉलेजात, एकाच ओळखपत्रावर. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागास प्रवर्गांना ३३ वर्षांपर्यंत संधी आहे, तिथं मुलींना ८०० मीटर पळवतात. आमची विद्यार्थिनी सध्या त्याच तयारीत आहे. राज्याची पोलीस म्हणून पळायला ती अजून कितीतरी वर्षं तरुण आहे, विद्यापीठाची धावपटू म्हणून म्हातारी झाली.

सवलतीचा गैरवापर होईल, हा आक्षेप मी स्वतःच घेते, कारण तो घ्यायलाच हवा. शासकीय नोकऱ्यांतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी आपल्या राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचा केवढा बाजार झाला ते सगळ्यांनी वाचलंय. म्हणून सवलत मोकळी नको. पहिल्या पदवीच्या विद्यार्थ्यालाच. जास्तीत जास्त दोन वर्षं. बाळंतपण असेल तर बाळाचा जन्मदाखला, दुखापत किंवा आजार असेल तर रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड आणि जिल्हा शल्यचिकित्सकांचं पत्र. आणि त्या काळात विद्यार्थी दुसऱ्या कुठल्या संघाकडून खेळलेला नसावा. आज खेळाडूंच्या नोंदी ऑनलाइन आहेत, हे पाच मिनिटांत कळतं. कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग अशा अंगावर येणाऱ्या खेळांना ही सवलत देऊ नका असं कुणी म्हणालं, तर मी वाद घालणार नाही. क्रॉस कंट्रीत सव्वीस वर्षांची बाई पळाली तर कुणाचं हाड मोडत नाही.

त्याच दमात दुसरीकडची चाळणी बारीक करा. फॉर्मसोबत मागच्या सत्राचं मार्कलिस्ट आणि विभागप्रमुखाच्या सहीची हजेरी सक्तीची करा. स्पर्धेच्या आधी आठ-दहा दिवस प्रत्येक संघाची यादी संकेतस्थळावर लावा: नाव, अभ्यासक्रम, वर्ष, कॉलेज. बस. हरकत घ्यायची असेल त्याने तेव्हाच घ्यावी. आज हरकत घेतली जाते ती सामना हरल्यावर. रात्री दहाला, आयोजकांच्या खोलीत, फी भरून, सकाळी सहाला पुढचा सामना असताना. पस्तीस तास जनरल डब्यातून गेलेल्या मुलांना तिथं सांगायचं की तुमच्यातले दोघे अपात्र. हा अपमान मुलांचा होतो, चूक बहुतेक वेळा आमच्यासारख्यांची किंवा विद्यापीठाच्या टेबलाची असते.

जुलै २०२५मध्ये जर्मनीतल्या ऱ्हाइन-रूहरच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको. बॅडमिंटनचे बारा खेळाडू गेले, सहा जणांना मिश्र सांघिक स्पर्धेत उतरताच आलं नाही, कारण नावं वेळेवर आणि नीट दिली गेली नाहीत असा आरोप झाला. उरलेल्यांनी तरीही कांस्य आणलं. ते सहाही वयात बसत होते, निवडीत बसत होते, विमानात बसून तिथवर पोचलेही होते. तुम्ही चौकशी लावलीत, ठीक केलंत. पण पात्रता ही घर सोडण्यापूर्वी पक्की झालेली गोष्ट असली पाहिजे, हा धडा जर्मनीपुरता ठेवू नका. भुवनेश्वर, जालंधर, उदयपूर, कुठेही जाणाऱ्या पोरांना तो लागू करा.

महाराष्ट्रातल्या क्रीडा संचालकांना वेगळं सांगायचंय. तुम्ही मला बैठकांत भेटता, चहाच्या वेळी माझ्याशी सहमत होता आणि नंतर म्हणता, "मॅडम, नियम दिल्लीचा आहे, आपल्या हातात काय?" अश्वमेध दिल्लीचा नाही. राज्यातल्या विद्यापीठांचा तो महोत्सव राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने भरतो, नियम तुम्ही ठरवू शकता. तुमच्या आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविभागीय स्पर्धा तर पूर्ण तुमच्या आहेत. पुढे जाणारा संघ दिल्लीच्या नियमाने निवडा, पण खाली कॉलेजच्या मैदानावर तरी बाळंतपणाहून परत आलेल्या मुलीला पळू द्या. तिचा नंबर लागला तर तो नोंदवा. दोन वर्षांत तुमच्याकडे आकडे तयार होतील: किती जणींनी सवलत घेतली, किती दाखले खोटे निघाले. ते घेऊन दिल्लीला जा. नुसतं ठरावाचं पत्र पाठवून काही होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

नवीन नियमपुस्तिका जूनपूर्वी आली तर आमच्या हाताला लागते. सप्टेंबरात परिपत्रक आलं की ते प्राचार्यांच्या टेबलावरून माझ्यापर्यंत येईतो क्रॉस कंट्रीचा हंगाम उलटलेला असतो. या पत्राचं उत्तर 'विचाराधीन' असं एका ओळीचं असेल तर ते न पाठवलं तरी चालेल. सवलत देता येत नसेल तर का देता येत नाही, ते लिहा. आमच्याकडे पुढच्या बॅचला अशा आणखी दोघी आहेत. त्यांना काय सांगायचं ते मला तुमच्या सहीनिशी हवं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका ग्रामीण महाविद्यालयातली शारीरिक शिक्षण संचालक, जि. बीड

ता.क.: नाव छापत नाही. डिसेंबरात एलिजिबिलिटीच्या टेबलासमोर फायली घेऊन मलाच उभं राहायचंय.